थांबता न येणारं बी

बोर्निओ बेटाच्या उत्तर भागात मलेशियाचं साबा हे राज्य आहे. तिथल्या डानम खोऱ्यात पिवळ्या मेरांटीचं एक झाड उभं आहे. जानेवारी २०१९मध्ये शेंड्यापर्यंत चढून, वरून टेप सोडून ते मोजलं, तेव्हा उंची भरली १००.८ मीटर. उष्ण कटिबंधात तोवर मोजलेल्या झाडांमध्ये हे सर्वांत उंच. मलय भाषेत मनोऱ्याला 'मेनारा' म्हणतात. तेच नाव या झाडाला मिळालं. हे झाड कित्येक पिढ्या बघत उभं आहे, पण त्याचं बी जमिनीवर पडल्यापासून काही दिवस, फार तर काही आठवडे जिवंत राहतं. तेवढ्यात रुजलं तर रुजलं, नाहीतर गेलं.

लाकडासाठी तोडलेली जंगलं पुन्हा उभी करायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चित्र येतं ते असं: बिया आणल्या, रोपं केली, पावसाळ्यात खड्डे घेतले, रोपं लावली, झालं. बोर्निओत हे चित्र पहिल्याच शब्दाला अडतं. बिया आणायच्या कुठून आणि कधी?

मेरांटी, केरुइंग, कापूर, सेलांगन बातू ही तिथल्या मोठ्या झाडांची नावं. ही सगळी डिप्टेरोकार्प कुळातली. ग्रीकमध्ये 'दोन पंखांचं फळ' असा या नावाचा अर्थ होतो. फुलाखालची हिरवी निदलं फळाबरोबर वाढून पंख बनतात आणि फळ गिरक्या घेत खाली येतं. आपल्याला माहीत असलेला साल वृक्ष याच कुळातला. एकट्या बोर्निओत या कुळाच्या २५०हून अधिक जाती आहेत, आणि त्या जंगलाचं सगळ्यात वरचं छत प्रामुख्याने याच झाडांनी धरलेलं असतं. लाकडाच्या बाजारात यांना 'हार्डवुड' म्हणतात, पण त्या शब्दावर फार जाऊ नये. रुंद पानांच्या, फुलं धरणाऱ्या झाडांच्या लाकडाला ते नाव आहे. लाकूड खरोखर कठीण असलंच पाहिजे असं नाही. हलकी मेरांटी प्लायवूडसाठी सोलली जाते, तर सेलांगन बातू इतकं जड की त्याचे काही ओंडके पाण्यात बुडतात.

आता बीकडे येऊ. गहू, तांदूळ, हरभरा यांचं बी झाडावरच पिकता पिकता सुकत जातं. आतलं पाणी उडतं, जीव जवळजवळ थांबतो, आणि पुन्हा ओल मिळेपर्यंत ते बी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं. म्हणून तर नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर उणे १८ अंश सेल्सिअसला जगभरच्या पिकांचं बियाणं साठवता येतं. डिप्टेरोकार्पच्या बीला हा गप्प बसण्याचा टप्पाच नाही. ते पाण्याने भरलेलंच खाली पडतं आणि पडल्यावर काही दिवसांत कोंब काढतं. वाळवलं की त्याच्या पेशी फाटतात. थंडीत ठेवलं तर थंडीने मरतं. शास्त्रज्ञ अशा बियांना 'हट्टी' अशा अर्थाचं नाव देतात. मला मात्र त्यात हट्ट दिसत नाही. बारा महिने दमट आणि उबदार असलेल्या जंगलात बीने कशासाठी थांबायचं? रुजायला प्रत्येक दिवस चांगलाच. थांबण्याची कला त्या बीला कधी लागलीच नव्हती.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. ही झाडं दरवर्षी फळत नाहीत. दोन वर्षं, पाच वर्षं, कधी त्याहून अधिक काळ जंगल नुसतं हिरवं असतं. मग एखाद्या वर्षी, बहुधा एल निनोमुळे कोरडा काळ आला की, शेकडो किलोमीटरच्या टापूत निरनिराळ्या जातींची झाडं एका हंगामात फुलतात. काही महिन्यांनी आकाशातून पंखवाल्या फळांचा पाऊस पडतो. रानडुकरं, खारी, भुंगेरे पोट फुटेस्तोवर खातात, तरी उरतं. ते उरावं म्हणूनच ही सगळी व्यवस्था असावी, असं वनस्पतिशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. दरवर्षी थोडं थोडं बी टाकलं असतं तर खाणाऱ्यांनी दरवर्षी ते फस्त केलं असतं. अनेक वर्षं उपाशी ठेवून एकदम इतकं वाढायचं की खाणारे कमी पडतील, असा तो हिशोब.

मग मधल्या वर्षांत जंगलात एखादं जुनं झाड पडलं आणि उजेडाची खिडकी उघडली, तर ती जागा कोण घेतं? बी तर नाही. जमिनीत पुरलेला साठाही नाही. जागा घेतात ती मागच्या बहरातली रोपं. बहरानंतर जंगलाच्या जमिनीवर रोपांची दाट चादर पसरते. त्यातली बहुतेक मरतात, पण काही गर्द सावलीत जेमतेम वाढत, वर्षाला दोन-चार पानं काढत, कित्येक वर्षं तग धरून राहतात. डोक्यावरचं छत उघडलं की ती झेपावतात. म्हणजे या झाडांची बियांची बँक नसते, रोपांची बँक असते. बीला थांबता येत नाही, रोपाला येतं. पुढे येणारं बहुतेक सगळं या एका गोष्टीवरून उलगडत जातं.

वृक्षतोडीने नेमकं काय मोडतं तेही यावरून कळतं. साबामध्ये सगळं जंगल सपाट केलं जात नसे. छातीच्या उंचीवर ६० सेंटिमीटरपेक्षा जाड असलेली, बाजारात किंमत असलेली झाडं निवडून काढली जात. १९७०च्या दशकात हे लाकूड मुख्यतः जपानला जात होतं. ऐकायला हे निवडक कापणं सौम्य वाटतं. पण जाड झाडं म्हणजेच फळणारी झाडं. ती गेली की पुढच्या बहराचं बी गेलं. आणि ओंडके ओढून नेणाऱ्या बुलडोझरच्या वाटांखाली, मोठं झाड कोसळताना त्याच्याबरोबर ओढल्या गेलेल्या वेलींखाली आणि फांद्यांखाली रोपांची चादर चिरडली जाते. नवी ठेव येणं बंद आणि असलेली शिल्लक संपली. पंख आहेत म्हणून फळं लांबून उडत येतील असंही नाही. ती जड असतात, आणि बहुतेक सगळी आईपासून काही दहा मीटरच्या आतच पडतात.

रिकाम्या जागेत मग मॅकरांगासारखी घाईची झाडं येतात. त्यांचं बी बारीक असतं, मातीत थांबू शकतं, पक्षी ते लांबवर नेतात. त्यांच्यावर वेली चढतात, कुठे चढणारा बांबू जाळं विणतो. वरून विमानातून बघितलं तर हिरवंगार दिसतं. खाली उतरून बघितलं तर पुढच्या शंभर वर्षांची झाडं त्यात नसतात.

इथे थोडं थांबून एक गोष्ट बजावून सांगायला हवी. तोडलेलं जंगल म्हणजे मेलेलं जंगल नव्हे. अशा जंगलात ओरांगउटान राहतात, हत्ती फिरतात, धनेश घरटी करतात. त्याला 'निकृष्ट' असा शिक्का मारला की पुढची पायरी बहुधा ते साफ करून पाम तेलाची लागवड करण्याची असते, आणि साबामध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं आहे. म्हणून पुनरुज्जीवनाचा पहिला प्रश्न 'किती रोपं लावायची' हा नसावा. 'इथे लावायची गरज आहे का' हा असावा. जमिनीवर बसून मोजायचं: मातृवृक्ष किती उरलेत, कुठल्या जातींचे, खाली रोपं आहेत का. असतील तर त्यांच्या गळ्यातल्या वेली कापून थोडा उजेड करून देणं पुरतं. ते स्वस्तही पडतं आणि चांगलंही. लागवड करायची ती जिथे बँक खरोखर रिकामी आहे तिथे.

तिथे रोपवाटिका लागते. डिप्टेरोकार्पची रोपवाटिका म्हणजे जंगलाच्या त्या रोपांच्या बँकेची माणसाने केलेली नक्कल. बी साठवता येत नाही म्हणून रोपं साठवायची.

बहराचं वर्ष आलं की सगळी कामं बाजूला ठेवून बी गोळा करायला धावावं लागतं. हातात मोजके आठवडे असतात. सुरुवातीला पडणारी फळं बहुतेक किडकी किंवा पोकळ, म्हणून ती सोडून द्यायची. गोळा केलेलं बी पोत्यात ठासून भरलं तर ते आतल्या आत तापतं, कुजतं. पसरट, हवेशीर, ओलसर ठेवून एक-दोन दिवसांत रोपवाटिकेत पोहोचवावं लागतं. तिथे पंख मोडून, अर्धवट मातीत दाबून पेरलं की आठवड्याभरात कोंब. गोळा करताना एकाच ढिगावर हात मारायचा मोह टाळायचा असतो. एकाच झाडाखालची सगळी रोपं भावंडं असतात. त्यातही ते झाड तोडीनंतर एकटं उरलेलं असेल, तर जवळपास परागकण देणारं दुसरं कोणी नसल्याने स्वतःच्याच परागाने फळलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि अशा बियांची रोपं दुबळी निघतात. दूरदूरच्या पुष्कळ मातृवृक्षांखालून थोडं थोडं घ्यायचं. जात ओळखणं ही आणखी एक कसोटी. लाकूडतोडे 'सेराया' म्हणून ज्याला हाक मारतात त्यात कितीतरी जाती येतात, आणि दोन पानांच्या अवस्थेत त्या फार सारख्या दिसतात. गोळा करतानाच झाड ओळखून पिशवीवर चिठ्ठी लागली नाही, तर पुढे कुणालाच काही सांगता येत नाही.

बहर नसलेल्या वर्षांत काय करायचं? धडधाकट जंगलाच्या जमिनीवरची छोटी रोपं उपटून आणायची. पावसानंतर माती मऊ असताना, मुळं शक्य तितकी न तोडता. प्रत्येक पान अर्धं कापायचं, म्हणजे दुखावलेल्या मुळांना ओढता येतं त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जात नाही. मग प्लॅस्टिकच्या बंद तंबूत काही आठवडे, जिथे हवा इतकी दमट असते की आतल्या बाजूने थेंब गळत राहतात. नवं पान फुटलं की रोप जगलं समजायचं. छाटकलमं लावूनही रोपं करता येतात, पण त्यात एक गंमतीशीर अडचण आहे: काही जातींत आडव्या फांदीचं कलम लावलं तर ते झाड झाल्यावरही आडवंच वाढत राहतं, जणू अजून फांदीच आहे. म्हणून सरळ उभ्या वाढणाऱ्या कोंबाचीच कलमं घ्यावी लागतात, आणि त्यासाठी छाटून बुटकी ठेवलेली खास झाडं राखावी लागतात.

पिशवीतल्या मातीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. या झाडांची बारीक मुळं बुरशीच्या धाग्यांनी मोज्यासारखी वेढलेली असतात. धागे मातीत लांबवर पसरून स्फुरदासारखी अन्नद्रव्यं आणि पाणी आणून देतात. बदल्यात झाड त्यांना पानात तयार झालेली साखर देतं. ही बुरशी नसेल तर रोप पिवळं पडतं, खुरटतं. म्हणून रोपवाटिकेच्या मातीत मोठ्या डिप्टेरोकार्पखालची थोडी माती मिसळतात. विरजण लावावं तशी. रासायनिक खतांचा मारा केला तर रोप आधी तरारून वर येतं, पण त्याला बुरशीची गरज उरत नाही, आणि जंगलात लावल्यावर, जिथे खत घालायला कोणी नसतं, तिथे ते उघडं पडतं.

सावलीचंही असंच. कोवळ्या रोपाला भर ऊन सोसत नाही, म्हणून शेडनेटखाली ठेवायचं. पण फार गर्द सावलीत ते उजेड शोधत लुकडं, लांबट वाढतं आणि बाहेर नेल्यावर मोडतं. म्हणून जाळी टप्प्याटप्प्याने विरळ करायची, लावणीआधी काही आठवडे पाणीही कमी करायचं, म्हणजे रोप काटक होतं. आणि घाई जितकी वाईट तितकाच उशीरही वाईट, कारण जंगलाच्या बँकेत आणि आपल्या बँकेत एक फरक राहतोच. जंगलातलं रोप दहा वर्षं थांबलं तरी त्याच्या मुळांना जमीन मोकळी असते. पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ तळाशी टेकतं आणि गोल गोल फिरू लागतं. असं गुंडाळलेलं मूळ जमिनीत लावल्यावरही सरळ होत नाही. झाड काही वर्षं बरं वाढतं आणि मग एका वादळात उलथतं. पुढचा बहर कधी येईल ठाऊक नाही, म्हणून रोपं राखून ठेवावीशी वाटतात; पण पिशवी फार काळ राखू देत नाही. माझ्या मते रोपवाटिकेतल्या माणसाचं खरं कसब या ओढाताणीत दिसतं.

साधारण गुडघ्याएवढं, खोड टणक झालेलं रोप जंगलात जातं, पुष्कळदा माणसाच्या पाठीवरून, कारण जिथे लावायचं तिथवर रस्ता नसतो. साबातली रूढ पद्धत म्हणजे झाडीत सरळ पट्टे मोकळे करायचे, दोन पट्ट्यांत १० मीटर अंतर, आणि पट्ट्यात दर ३ मीटरवर एक रोप. हेक्टरी सुमारे ३३३ रोपं होतात. व्यापारी लागवडीत हेक्टरी हजारावर झाडं असतात, तेव्हा हे विरळ वाटेल. पण इथे रिकाम्या जमिनीवर लागवड नाहीये. असलेल्या जंगलात हरवलेल्या झाडांची भर घालायची आहे. मधली झाडी तशीच राहते, सावली देते, जनावरांना आसरा देते. पट्टा अरुंद ठेवला तर रोपाला उजेड पुरत नाही, रुंद केला तर वेली आणि गवत माजतं. दोन्हीकडून मार आहे.

त्यानंतरचं काम कुणाच्या फोटोत येत नाही. वर्षातून काही वेळा जाऊन वेली कापायच्या, रोप शोधून काढायचं, मेलेल्यांच्या नांग्या भरायच्या, आणि हे काही वर्षं करायचं. आशियातल्या उष्ण आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशांतल्या १७६ ठिकाणांची आकडेवारी एकत्र करून २०२३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी १८ टक्के रोपं पहिल्या वर्षात मरतात, आणि पाच वर्षांनी मेलेल्यांचा आकडा ४४ टक्क्यांवर जातो. ही सरासरी झाली. काही ठिकाणी जवळपास सगळी जगली, काही ठिकाणी जवळपास काही उरलं नाही. आसपास थोडी मोठी झाडं शिल्लक असलेल्या जागी रोपं जास्त जगली, हेही त्यात दिसलं. हे वाचल्यापासून 'अमुक लाख झाडं लावली' अशी बातमी दिसली की मला पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही: कुठल्या साली लावली, आणि आज त्यातली किती उभी आहेत? पैसे लावलेल्या रोपांच्या संख्येवर मिळत असतील, तर जगवण्याचा खर्च कागदावर कुठेच दिसत नाही.

साबामध्ये मात्र हा प्रश्न विचारता येतो, कारण तिथे काम लवकर सुरू झालं आणि मोजदाद ठेवली गेली. डानम खोऱ्याजवळ १९९२मध्ये इन्फाप्रो नावाचा प्रकल्प सुरू झाला. १९९८मध्ये इनिकेया हा दुसरा. त्याची जमीन आधी तोडलेली, आणि १९८२-८३च्या भीषण दुष्काळातल्या वणव्यांत जळालेलीही होती. २००२मध्ये मालुआ राखीव वनात ५०० हेक्टरवर एक मोठा प्रयोग मांडला गेला: ४ हेक्टरचे १२४ तुकडे, त्यांत कुठे डिप्टेरोकार्पची एकच जात, कुठे चार, कुठे सोळा, आणि काही तुकडे तसेच सोडलेले. पहिल्या दशकातल्या उपग्रहाच्या चित्रांवरून बघितलं तेव्हा सोळा जाती मिसळून लावलेले तुकडे एकाच जातीच्या तुकड्यांपेक्षा वेगाने भरून आले होते. याचं कारण समजायला सोपं आहे. कुठली जात ओढ्याकाठी फोफावते, कुठली डोंगरधारेवर टिकते. हलक्या लाकडाची भरभर वाढते पण लवकर मरते, जड लाकडाची हळू वाढते पण तग धरते. एकच जात लावली तर सगळं तिच्या नशिबावर.

इन्फाप्रोच्या भागातल्या मोजमापांवरचा अभ्यास २०२०मध्ये आला. आपोआप सावरणाऱ्या जंगलात जमिनीवरच्या झाडांत हेक्टरी वर्षाला २.९ टन कार्बन साठत होता. रोपं लावून, वेली कापून निगा राखलेल्या जंगलात ४.४ टन. तोडीआधी होता तेवढा कार्बन पुन्हा साठायला लागणारा काळ त्यामुळे सुमारे साठ वर्षांवरून चाळीसवर येतो. आकडे आशादायक आहेत आणि ते मिळवणाऱ्या हातांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण कार्बन म्हणजे लाकडाचं वजन. ते भरून आलं म्हणजे जंगल भरून आलं का? २०१९मध्ये साबात मोठा बहर आला. संशोधकांनी न तोडलेलं, तोडून सोडून दिलेलं आणि तोडीनंतर लागवड केलेलं अशा तिन्ही प्रकारच्या जंगलांत खाली बसून नव्या रोपांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं. पाच हजारांवर रोपं. लागवड केलेल्या जंगलात सुरुवात छान झाली, सोडून दिलेल्या जंगलापेक्षा जास्त रोपं उगवली. म्हणजे बी पडत होतं, खुंटलेली साखळी पुन्हा हलली होती. पण मग ती रोपं भराभर मेली. दीड वर्षाच्या शेवटी लागवडीचं जंगल आणि सोडून दिलेलं जंगल, दोन्हीकडची संख्या सारखीच कमी झाली होती. न तोडलेल्या जंगलात मात्र चादर टिकून होती.

कारणं अजून शोधली जात आहेत. तोडलेल्या जंगलातली हवा जास्त तापते आणि कोरडी पडते, माती दबलेली असते, अन्नद्रव्यं आणि बुरशीचं जाळं बदललेलं असतं. यातलं कुठलं किती भोवतं हे वेगळं करून बघावं लागणार आहे. रोपवाटिकेत आपण सावली दिली, ओल दिली, विरजणाची माती दिली, आणि तेवढ्यापुरती रोपांची बँक चालवून दाखवली. आता त्या रोपांची झाडं झाली आहेत, आणि त्यांच्या खाली, पिशवी आणि शेडनेट नसलेल्या जमिनीवर, पुढच्या बहरातली किती रोपं दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत उरतात हे मोजत तिथली माणसं गुडघ्यांवर बसलेली आहेत.